गाडीत उभा राहतो, पण चालत नाही: गुंड्याचं प्रकरण

मागचे पाय लुळे पडलेला गुंड्या नावाचा डॅशहुंड कुत्रा माझ्या दवाखान्यात पहिल्यांदा आला तो गाडीतून चालत नव्हे. काकूंच्या एका हातावर तो आणि दुसऱ्या बगलेत त्याची व्हीलचेअर, अशी ती वरात दारातून आत आली. काकूंनी गाडी टेबलावर आदळली आणि म्हणाल्या, "डॉक्टर, पाच आठवडे झाले ही आणून. घातली की हा पुतळा होतो. मुलगा म्हणतो, हट्टी आहे. तुम्हीच बघा आता."

मी नोंदवहीत 'हट्टी' लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. डॅशहुंड, म्हणजे ही लांब अंगाची, आखूड पायांची जात, हट्टी असते यात वाद नाही. घरात एक पाळला की चर्चा संपते. पण हट्टी कुत्रा निदान जागा तरी बदलतो, पाठ फिरवतो, बसकण मारतो. गाडीत घातल्यावर पाचही आठवडे एकाच जागी, एकाच पद्धतीने, मान खाली घालून उभा राहणारा कुत्रा हट्ट करत नसतो. त्याला काहीतरी सांगायचं असतं. ते काय होतं, आणि त्याच वेळी त्याच्या शरीराचा दुसरा अर्धा भाग काय सांगू शकत नव्हता, हे कळायला मला जरा जास्तच वेळ लागला. म्हणून हे प्रकरण लिहून ठेवते आहे.

मागची हकीकत

वय ५ वर्षे, नर, वजन ९.२ किलो. एका संध्याकाळी सोफ्यावरून उडी मारली, किंचाळला, आणि पाठीला बाक काढून कोपऱ्यात बसला. सकाळी मागचे पाय झोकांड्या खात होते, दुपारी फरफटत होते. रात्री शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा मागच्या दोन्ही पायांत खोल वेदना जाणवत नव्हती. एमआरआयमध्ये छातीच्या १२व्या आणि १३व्या मणक्यांमधली गादी फुटून आतला मगज मज्जारज्जूवर आलेला दिसला. त्याच रात्री मणक्याची एक बाजू उघडून तो काढला गेला.

काकूंच्या मनात सोफा घर करून बसला होता. "मीच त्याला वर बसू द्यायची," हे वाक्य मी पहिल्या भेटीत चार वेळा ऐकलं. त्यामुळे आधी तेच बोललो. आखूड पायांच्या जातींमध्ये मणक्यांमधल्या गाद्या फार लवकर, वयाच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच, कोरड्या पडायला लागतात आणि पुढे त्यांत चुन्यासारखे क्षार साचतात. हॅन्सन या पशुवैद्यक संशोधकांनी १९५२ साली गादीच्या बिघाडाचे दोन प्रकार वेगळे केले: एकात गादी अचानक फुटते, दुसऱ्यात ती वर्षानुवर्षे हळूहळू फुगत जाते. डॅशहुंडचा प्रकार पहिला. या बिघाडाशी निगडित असलेली एफजीएफ४ या जनुकाची जादा प्रत १२व्या गुणसूत्रावर बसलेली आहे, हे २०१७ साली प्रसिद्ध झालं. उडी शेवटची काडी असेल, पण मोळी आधीच बांधलेली होती. सोफा नसता तर पायरी असती, पायरी नसती तर नुसतं अंग झटकणं पुरलं असतं.

खोल वेदनेचा मुद्दा इथे महत्त्वाचा. पाय लुळे असले तरी बोटाचं हाड चिमट्यात दाबल्यावर कुत्र्याला ते कळत असेल, तर शस्त्रक्रियेनंतर दहापैकी साधारण नऊ कुत्री पुन्हा चालतात. कळत नसेल तर प्रमाण निम्म्याच्या आसपास येतं. गुंड्या नशिबाच्या उरलेल्या निम्म्यात गेला. निदान मज्जारज्जू वितळत वर चढत जाण्याचा जीवघेणा प्रकार, जो अशा कुत्र्यांपैकी दहात एकाला होतो, त्यातून तो सुटला. सहा आठवडे विश्रांती झाली, टाके कधीच भरले होते, पाय तसेच.

"पण त्याला कळतं हो," काकू म्हणाल्या. "पायाला चिमटा काढला की ओढून घेतो."

ही गल्लत जवळजवळ प्रत्येक घरात होते आणि ती दुरुस्त करणं मला कधीच आवडत नाही. पाय ओढला जाणं ही मज्जारज्जूच्या खालच्या भागातली परस्पर झालेली प्रतिक्रिया असते. मेंदूपर्यंत काही पोचावं लागत नाही. पोचलं की कुत्रा वळून बघतो, कुंईकुंई करतो, चावायला येतो, निदान डोळ्यांच्या बाहुल्या तरी मोठ्या होतात. मी चिमटा दाबला. पाय झटक्यात वर गेला. गुंड्या समोरच्या खिडकीतल्या कबुतराकडे बघत राहिला. काकूंनी ते पाहिलं आणि त्यानंतर त्या विषयावर काही बोलल्या नाहीत.

गाडी

मुलाने गाडी वजन बघून मागवली होती. ७ ते १२ किलोच्या कुत्र्यांसाठी, मागच्या दोन चाकांची, पुढे खांद्यावरून जाणारा पट्टा, पोटाखाली दुसरा पट्टा, मागे जांघांना आधार देणारं खोगीर आणि मागचे पंजे अडकवायला दोन रिकिबी. गाडीत दोष नव्हता. दोष एवढाच, की वजनावरून कुत्र्याची उंची कळत नाही. ९ किलोचा साधा कुत्रा आणि ९ किलोचा डॅशहुंड यांच्या जांघेची जमिनीपासूनची उंची यांत फार मोठा फरक असतो. सळया सगळ्यात खालच्या भोकाला लावूनही गुंड्याचं मागचं अंग सुमारे ३ सेंटिमीटर वर टांगलं गेलं होतं. पाठ नाकाकडे उतरत होती.

मी खांद्याच्या उंचवट्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत दोरी ताणून धरली. दोरी स्पष्ट तिरकी. मग वजन केलं. ही युक्ती साधी आहे आणि कोणालाही घरी जमते: पुढचे दोन पंजे घरगुती वजनकाट्यावर, चाकं तेवढ्याच उंचीच्या फळीवर, कुत्रा समोर बघत उभा. निरोगी कुत्रा उभा असताना वजनाचा साधारण ६० टक्के भाग पुढच्या पायांवर घेतो. ९.२ किलोच्या गुंड्यासाठी ते ५.५ किलो होतात. काट्याने ६.४ दाखवले. म्हणजे गाडी त्याला मागून आधार देत होती आणि त्याच वेळी पुढून ९०० ग्रॅमचं ओझं त्याच्या खांद्यांवर ठेवत होती. देहाच्या वजनाच्या जवळजवळ दहावा हिस्सा, तोही एका अरुंद पट्ट्यावरून. पट्टा वर केला तर खाली केस दबून चपटे झालेले. तिथे बोट टेकवताच गुंड्याने मान आक्रसली.

तर हे होतं हट्टाचं मूळ. पाऊल उचलायचं म्हणजे क्षणभर एकाच पायावर सगळा भार घ्यायचा, आणि तो भार त्याला झेपत नव्हता. उभं राहणं जमत होतं, म्हणून तो उभा राहत होता. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

उपाय दोन होते. लहान सळया बसवून मागची बाजू खाली आणली, दोरी सपाट झाली. आणि चाकांचा आस पुढे सरकवला. लोकांना वाटतं चाकं जितकी मागे तितकी गाडी स्थिर. स्थिर असते खरी, पण आस मागे गेला की भार पुढे येतो. आस पुढे आणला की तोच भार चाकांवर जातो. आम्ही आधी ७ सेंटिमीटर सरकवला. सपाट जमिनीवर छान वाटलं, पण छोट्या चढावर पुढचे पंजे हलके पडून घसरायला लागले. गाडीवानांच्या भाषेत गाडी उलाळ झाली. मग २ सेंटिमीटर मागे घेतला. काटा ५.८ वर थांबला. पट्ट्याखाली एक बोट घालून गाडीचं पुढचं टोक उचललं तर ते जवळजवळ विनावजन उचललं गेलं. हीच खूण मी धरते. टोक बोटावर जड लागलं तर कुत्रा ते खांद्यावर वाहतो आहे, आणि आपोआप वर उडालं तर त्याचे पंजे जमीन सोडणार आहेत.

चालण्यासाठी त्याला मनवावं लागलं नाही. काकू फोन घ्यायला बाहेर गेल्या. गुंड्या चार पावलं चालला, थांबला, मागे वळून चाकांकडे बघितलं, जणू कोणीतरी पाठलागावर आहे. मग सरळ दारापर्यंत गेला आणि उंबऱ्यावर अडकून भुंकायला लागला. शस्त्रक्रियेपासूनच्या तीन महिन्यांत हा कुत्रा भुंकला नव्हता, हे मला त्या दिवशी काकूंकडून कळलं.

वेळापत्रक साधं ठरलं: पहिला आठवडा दिवसातून दोनदा ५ ते १० मिनिटं, मग हळूहळू २० मिनिटांपर्यंत. गाडीत असताना कोणीतरी सोबत हवंच, कारण वळणावर गाडी उलटते आणि उलटलेल्या कुत्र्याला स्वतःहून उठता येत नाही. या गाडीत बसता-लोळता येत नाही, त्यामुळे दमला की काढायची. दिवसभर गाडीत ठेवलेला कुत्रा म्हणजे दिवसभर उभा ठेवलेला कुत्रा. घरात फरफटत असेल तेव्हा पंजांच्या वरच्या बाजूला कातडी सोलवटते, तर मोजे आणि मागच्या अंगाला सरकती पिशवी.

माझी चूक

पुढचे अडीच आठवडे फोनवर सगळं झकास. मी विचारायची, "काही त्रास वाटतो का त्याला?" उत्तर यायचं, "छे! गाडी काढली की रुसतो." मीही खूश.

मग एका संध्याकाळी काकूंचा फोन आला की गुंड्याला वास येतो आहे. आणला तर डाव्या जांघेत, खोगिराच्या शिवणीच्या बरोबर खाली, अंगठ्याच्या नखाएवढी जखम. वरवरची नव्हती; कडा आत वळलेल्या, तळाशी पिवळट. त्यातच लघवी गढूळ आणि उग्र. तपासणीत जिवाणू सापडले.

दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणाहून निघाल्या होत्या. मज्जारज्जूची इजा वरच्या भागात असली की मूत्राशयाचं तोंड आवळलेलं राहतं. ते दर सहा-आठ तासांनी हाताने दाबून रिकामं करावं लागतं. काकूंना ते उत्तम जमत होतं. माझ्या सहायकापेक्षा चांगलं. पण फिरायला जाण्याची वेळ आणि लघवी काढण्याची वेळ यांत त्यांनी फिरण्याला आधी नंबर दिला होता, कारण गुंड्या दाराशी ओरडत असायचा. भरलेल्या मूत्राशयावर पोटाचा पट्टा आवळला जायचा, दाबाने थोडी लघवी गळायची, खोगीर ओलं व्हायचं, ओल्या कातडीवर शिवण घासायची. गळून उरलेली लघवी आत राहायचीच, आणि साचलेल्या लघवीत संसर्ग व्हायला निमित्त लागत नाही. निरोगी कुत्र्याला अशा वेळी जळजळ होते, तो सारखा पाय वर करतो. गुंड्याला त्यातलं काहीच जाणवत नव्हतं.

माझं चुकलं ते हे. पहिल्या भेटीत मी खांदा, काख, छाती, कोपर, मनगट सगळं हात फिरवून पाहिलं, कारण तिथून तक्रार येत होती. जांघेकडे एक नजर टाकली, खोगीर 'ठीक' असं लिहिलं. शिवण आतल्या बाजूने होती आणि ती मी बोटाने चाचपली नाही. पुढे फोनवर मी चुकीचा प्रश्न विचारत राहिले. 'त्याला त्रास वाटतो का' या प्रश्नाचं उत्तर गुंड्याचा फक्त पुढचा अर्धा भाग देऊ शकत होता, आणि तो अगदी खरं सांगत होता की मजा येते आहे. १३व्या मणक्याच्या थोडं मागे, पाठीवर टाचणी टोचत गेलं की जिथे त्वचा थरारायची थांबते, तिथे त्याची हद्द संपत होती. पोटाचा पट्टा हद्दीवर, खोगीर हद्दीपलीकडे. खांद्यावरच्या ९०० ग्रॅमसाठी त्याने पाच आठवडे संप केला. जांघेत मांस उघडं पडलं तरी तो आनंदाने पळत होता.

गाडी तीन आठवडे बंद. लघवीची चाचणी, त्यावरून ठरवलेलं औषध, जखमेची रोजची मलमपट्टी. गुंड्या या काळात गाडी ठेवलेल्या कोपऱ्याकडे बघून भुंकायचा. काकूंना याचा फार त्रास झाला, आणि खरं सांगायचं तर मलाही.

परत सुरू करताना खोगीर उसवून शिवण बाहेरच्या बाजूला घेतली, पट्टी दुप्पट रुंद केली आणि पाणी न शोषणाऱ्या मऊ निओप्रीनने मढवली. पोटाचा पट्टा दोन बोटं पुढे घेतला. लघवी आधी, पट्टा नंतर, यात सूट नाही. आणि गाडी काढल्यावर विजेरी घेऊन जांघा, शेपटीखालची जागा, मागच्या घोट्यांभोवती रिकिबी लागतात तिथे रोज बघायचं. लाल डाग वीस मिनिटांत विरला तर ठीक. तसाच राहिला तर पुढची फेरी नाही, आणि मला फोटो. मुलाने दाराजवळ एक कागद चिकटवला, त्यावर दोन रकाने: 'गुंड्या म्हणतो' आणि 'आम्ही बघतो'. ही कल्पना माझी नाही, त्याची. आता मी ती इतरांना देते.

रिकिबी काढाव्यात का?

सुरुवातीला पंजे रिकिबीत अडकवणं बरोबर होतं, नाहीतर ते उलटे घासले असते. पण पाचव्या महिन्यात पोहण्याच्या टाकीत गुंड्याचे मागचे पाय सायकल मारल्यासारखे हलताना दिसले. खोल वेदना तपासली, नव्हती. काही कुत्र्यांमध्ये मेंदूशी संबंध तुटलेला असताना मज्जारज्जूचा खालचा भाग स्वतःच पावलांचा ठेका धरतो. त्याला समतोल नसतो, इच्छेशी संबंध नसतो, पण सरावाने तो वाढू शकतो. मग आम्ही मऊ गवतावर रिकिबी काढल्या, पंजांना पातळ मोजे घातले आणि गाडीची उंची अशी ठेवली की तळवे जमिनीला जेमतेम टेकतील. टेकल्याशिवाय ठेका सुरू होत नाही. खडबडीत रस्त्यावर रिकिबी परत.

याचा अर्थ तो बरा होतो आहे असं मी काकूंना सांगितलं नाही. आठ महिन्यांनी तो गाडीविना सहा-सात पावलं डुलत टाकायचा आणि कलंडायचा. काकूंनी व्हिडिओ काढला, दहा जणांना पाठवला. मी आनंद मानला आणि नोंदीत 'प्रतिक्षिप्त चाल' असं लिहिलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

इथे एक वेगळं प्रकरण आठवतं, कारण लोक दोन्ही एकाच मापाने मोजतात. म्हाताऱ्या अल्सेशियनचे मागचे पाय हळूहळू, न दुखता, लुळे पडत जातात तो मज्जारज्जूच्या ऱ्हासाचा आजार. एसओडी१ जनुकातल्या बदलाशी त्याचं नातं २००९ साली उघड झालं. तिथे वाट बघण्यात अर्थ नसतो. पाय थोडे चालत असतानाच गाडी सुरू करावी, म्हणजे चालणं चालू राहतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत नियमित, भरपूर व्यायाम मिळालेली कुत्री सरासरी २५५ दिवस जगली, काहीच न मिळालेली ५५ दिवस. कुत्री फक्त २२ होती, आणि व्यायाम करून घेणारी माणसं कुत्र्याचा निरोपही उशिरा घेत असणार, हे धरूनच तो आकडा वाचावा. त्या आजारात पुढे पुढचे पायही जातात, मग चार चाकांची गाडी लागते, आणि एक दिवस तीही पुरत नाही. गुंड्याचा आजार एका रात्रीत आला आणि तिथेच थांबला. त्याची गाडी अनेक वर्षांची सोबत आहे, म्हणून तिच्यातली एक चुकीची शिवण महाग पडते.

"हे क्रूर तर नाही ना?"

मुलाने हा प्रश्न जखमेच्या दिवशी विचारला, काकू हात धुवायला गेल्या होत्या तेव्हा. असा प्रश्न आला की मी सांत्वन करत नाही. गुंड्या जेवतो का, माणूस आला की दाराशी जातो का, झोप शांत लागते का, खेळणं ओढलं तर सोडतो की ओरबाडतो, हे विचारलं. सगळी उत्तरं चांगली होती. मग दुसऱ्या बाजूचं विचारलं: रात्री उठून मूत्राशय रिकामं करायला तुमच्या घरात किती हात आहेत, आणि ते हात आजारी पडले तर? हा प्रश्न कुत्र्याबद्दलचा नाही असं त्याला आधी वाटलं. आठवड्याभराने तो स्वतः शिकायला आला. पहिल्या दिवशी अर्धा तास लागला आणि शेवटी शर्ट बदलावा लागला, पण जमलं.

चौदाव्या महिन्यातली नोंद

वजन ९ किलो. पुढच्या पायांवर ५.७. दोरी सपाट. जांघा स्वच्छ, जुन्या जखमेच्या जागी केस नाहीत. लघवीच्या चाचणीत जिवाणू नाहीत. गेल्या वर्षात संसर्ग एकूण दोनदा. गाडी उलटी चालवायला शिकला आहे, उंबऱ्यावर अडकला की मागे येऊन तिरका घुसतो. उजव्या चाकाचं रबर डाव्यापेक्षा बरंच जास्त झिजलं आहे. आस तपासला, सरळ आहे. म्हणजे चालताना भार उजवीकडे टाकत असावा. काकू म्हणतात तसं काही दिसत नाही, कुत्रा खूश आहे. चालतानाचा व्हिडिओ समोरून आणि मागून काढून आणायला सांगितलं आहे. पुढच्या भेटीत डावा खांदा आणि डावं मनगट आधी बघायचं.